मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर

मास्टर कृष्णराव (पूर्ण नाव : कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर, जन्म : आळंदी, २० जानेवारी १८९८, मृत्यू : पुणे, २० ऑक्टोबर १९७४) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे गायक, संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि मराठी नाटके व चित्रपट यांचे संगीतदिग्दर्शक होते. भास्करबुवा बखले यांचे ते पट्टशिष्य होत. गुरूच्या निधनानंतर त्यांनी गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची जबाबदारी सांभाळली. पुढे प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट आणि नाट्यनिकेतनची नाटके यांना त्यांनी संगीत दिले. वंदे मातरम् या गीताला त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली आणि ते गीत राष्ट्रगीत व्हावे यासाठी संविधान सभेच्या सदस्यांसमोर त्याची प्रात्यक्षिके केली. ‘संगीतकलानिधी’ या उपाधीने ते ओळखले जातात. भारत सरकारने १९७१ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

पूर्वायुष्य

कृष्णरावांचा जन्म पुण्याजवळच्या देवाची आळंदी या तीर्थक्षेत्री झाला. फुलंब्रीकर हे आडनाव मराठवाड्यातील फुलंब्री या गावावरून आले असून हे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. वडील गणेशपंत हे वेदविद्येची परंपरा असलेले गृहस्थ होते. ज्ञानेश्वरांची समाधी, वारकऱ्यांची भजने, टाळ-मृदंगाचा नाद आणि मंत्रांचे स्वरबद्ध पठण यांच्या सान्निध्यात त्यांचे बालपण गेले. अभंगाची चाल बांधताना शब्द स्पष्ट ऐकू यावा आणि समूहाला ती सहज उचलता यावी याकडे त्यांचा पुढे जो कल दिसतो, त्याचे मूळ या वातावरणात शोधता येते.

त्या काळी गोड गळ्याच्या मुलाला संगीत शिकण्याचा सर्वांत सुलभ मार्ग नाटक कंपनीतून जात असे. कंपनीत राहण्याजेवण्याची सोय होई, तालीम मिळे आणि रोज रात्री श्रोत्यांपुढे गाण्याची संधीही लाभे. कृष्णराव लहान वयातच नाट्यकलाप्रवर्तक संगीत मंडळीत दाखल झाले व बालनट म्हणून काम करू लागले. या कंपनीचे प्रमुख गायक-नट सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर) होते. अब्दुल करीम खाँ यांच्या या शिष्याकडून कृष्णरावांना संगीताचे आरंभीचे मार्गदर्शन मिळाले.

भास्करबुवा बखले यांच्याकडील शिक्षण

१९११च्या सुमारास कृष्णराव भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे शिष्य झाले. भास्करबुवांनी ग्वाल्हेर परंपरेचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ या तिघांकडून विद्या घेतली होती. घराण्यांच्या सीमा कडक असण्याच्या त्या काळात तीन शैलींचा असा समन्वय दुर्मीळ होता. ग्वाल्हेरची बंदिशीची शिस्त, आग्र्याची बोलांची व लयीची खेळी आणि जयपूरची पेचदार स्वररचना ही तिन्ही अंगे कृष्णरावांना एकाच गुरूकडून मिळाली.

गुरुगृही राहून सेवा करत शिकण्याच्या जुन्या पद्धतीने हे शिक्षण झाले. भास्करबुवांचा मान पंजाब आणि सिंध प्रांतांतही मोठा होता. त्यांच्यासमवेत दौऱ्यावर जाऊन मागे तंबोऱ्याची साथ करता करता कृष्णरावांना मैफलीचे व्यवहारज्ञान मिळाले. मराठी न जाणणाऱ्या श्रोत्यांसमोर केवळ स्वर आणि लय यांच्या बळावर गाणे कसे रंगवावे, याचा हा अनुभव पुढे हिंदी चित्रपटांचे संगीत करताना त्यांच्या उपयोगी पडला असावा.

भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात एक संगीत संस्था स्थापन केली होती. तीच पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्ध झाली. ८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवांचे निधन झाले, तेव्हा कृष्णराव अवघे चोवीस वर्षांचे होते. गुरूची गायकी, संस्थेतील अध्यापनाचे कार्य आणि गंधर्व नाटक मंडळीतील संगीतरचना असा तिहेरी वारसा त्यांच्याकडे आला.

गंधर्व नाटक मंडळी

बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस), गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भास्करबुवा हे बालगंधर्वांचेही गुरू होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) व ‘संगीत द्रौपदी’ (१९२०) या नाटकांना भास्करबुवांनी संगीत दिले. कृष्णराव या कंपनीत गायक-नट म्हणून काम करत होते व स्त्रीभूमिकाही करत. त्यामुळे चाल बांधणारा आणि ती रंगमंचावर गाऊन दाखवणारा अशा दोन्ही बाजूंचा अनुभव त्यांच्यापाशी होता.

गुरूच्या पश्चात त्यांनी खाडिलकरांच्या ‘मेनका’ व ‘सावित्री’ या नाटकांना संगीत दिले. ना. वि. कुलकर्णी यांचे ‘संगीत कान्होपात्रा’ (१९३१) आणि वसंत शांताराम देसाई यांचे ‘संगीत अमृतसिद्धी’ (१९३३) ही या काळातील त्यांची विशेष गाजलेली नाटके होत. पहिले नाटक मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेवर, तर दुसरे मीराबाईवर आहे.

‘कान्होपात्रा’ हे त्यांच्या नाट्यसंगीतातील महत्त्वाचे वळण मानता येते. पौराणिक नाटकातील राजस्त्रीच्या मुखी नटवी, तानांनी सजलेली पदे शोभत असत. कान्होपात्रा मात्र गणिकेच्या पोटी जन्मलेली, सत्तेच्या भीतीने पंढरपूरच्या विठ्ठलाला शरण गेलेली स्त्री होती. तिच्या व्याकूळतेला जास्त अलंकार मानवणारे नव्हते. कृष्णरावांनी वारकरी भजनाचा सरळ ठेका आणि रागाची चौकट यांचा मेळ घातला. बालगंधर्वांच्या गळ्यातील आर्जव लक्षात घेऊन त्यांनी शब्दांना विसाव्याच्या जागा ठेवल्या. या नाटकातील अभंग रंगभूमीबाहेर पडून मैफलींच्या अखेरीस आणि घरोघरच्या भजनांत गायिले जाऊ लागले. आज ही पदे गाणाऱ्या अनेकांना ती मुळात नाटकासाठी स्वरबद्ध झाली होती हेही ठाऊक नसते.

मराठी संगीत नाटकातील संगीतकाराचे स्थान

मराठी संगीत नाटकाची तुलना पुष्कळदा इटलीच्या ऑपेराशी केली जाते. दोहोंत गायक-नट हाच केंद्रस्थानी असतो आणि प्रेक्षक कथेइतकाच, कधी कथेपेक्षा जास्त, गाण्यासाठी येतो. तथापि संगीतकाराच्या कामाच्या स्वरूपात मोठा फरक आहे. ऑपेराचा संगीतकार प्रत्येक गायकाचे व वाद्याचे स्वर लिहून देतो; वाद्यवृंदाचा संचालक हातातील छडीने तो लिखित आराखडा प्रत्यक्षात आणतो. ऑपेरातील संवादही बहुतांशी गायिलेले असतात.

मराठी नाटकात संवाद गद्य असून पदे मधूनमधून येतात. संगीतकार पदाला ‘चाल लावतो’, म्हणजे राग, ताल, मुखडा आणि अंतऱ्याची उठावण ठरवून देतो. पुढील विस्तार गायक-नटाने रंगमंचावर त्या त्या वेळी करायचा असतो. प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिल्यास तेच पद नव्या ताना व हरकतींसह पुन्हा गायिले जाई. वाद्यवृंदाला छडीधारी संचालक नसे. ऑर्गन, सारंगी व तबला वाजवणारे वादक गायकाच्या तोंडाकडे पाहून साथ करत. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर कांबळे असे मातब्बर साथीदार होते. या व्यवस्थेत संगीतकाराचे खरे कौशल्य गायकाला मोकळी जागा ठेवण्यात आणि तरीही पदाचा भाव हरवू न देण्यात असे.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचा (१८८०) प्रयोग पुण्यात झाला, तेव्हा पदांच्या चाली कीर्तन, लावणी, साकी, दिंडी अशा परिचित प्रकारांवर बेतलेल्या होत्या. १९११च्या ‘संगीत मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या. ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवांनी ख्यालातील बंदिशींवर आधारलेली पदे दिली. या क्रमातील पुढची पायरी कृष्णरावांची आहे. रागसंगीत, भजन आणि सुगम चाल हे तिन्ही प्रवाह त्यांनी प्रसंगानुसार एकाच नाटकात वापरले आणि रंगभूमीकडून चित्रपटाकडे जाणाऱ्या मार्गावर हे मिश्रण बरोबर नेले.

चित्रपटसंगीत

बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांचा प्रेक्षक झपाट्याने ओसरू लागला. गंधर्व नाटक मंडळीवरील कर्जाचा बोजाही वाढत होता. अशा स्थितीत बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीशी भागीदारी केली आणि व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’ (१९३५) हा चित्रपट तयार झाला. पैठणच्या संत एकनाथांचे चरित्र हा त्याचा विषय होता. जन्मभर स्त्रीभूमिका केलेल्या बालगंधर्वांनी यात एकनाथांची पुरुषभूमिका केली आणि संगीत कृष्णरावांनी दिले. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. अस्पृश्यतेच्या विरोधातील कथानक आणि हे नाव यांतून गांधीजी सूचित होतात, असा आक्षेप अभ्यवेक्षकांनी घेतल्याने ते बदलावे लागले.

बालगंधर्व चित्रपटसृष्टीत रमले नाहीत. कृष्णराव मात्र प्रभातमध्ये स्थिरावले. ‘अमरज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ व त्याची हिंदी आवृत्ती ‘आदमी’ (१९३९) आणि ‘शेजारी’ व ‘पडोसी’ (१९४१) हे त्यांचे या कंपनीतील प्रमुख चित्रपट होत. नाटकातील पद रात्र चढेल तसे अर्धा तासही रंगू शकते. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे आणि चित्रपटातही त्याहून जास्त अवकाश क्वचितच मिळे. या मर्यादेत रागाची ओळख मुखड्यातच पटवून देणाऱ्या, नेमक्या व आटोपशीर चाली त्यांनी रचल्या.

‘गोपालकृष्ण’ या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात शांता आपटे यांनी राधेची आणि राम मराठे यांनी बाळकृष्णाची भूमिका केली. गोकुळातील दूध मथुरेला नेण्यास कृष्ण विरोध करतो, या कथासूत्रात तत्कालीन प्रेक्षकाला परकी सत्तेविरुद्धचा लढाही दिसत होता. त्यातील गाण्यांत गवळणीचा लोकसुलभ बाज आहे.

‘माणूस’मध्ये एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांच्या नात्याची कहाणी आहे. नायिकेची भूमिका शांता हुबळीकर यांनी केली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या गिऱ्हाइकांपुढे ती गाते, असा प्रसंग असल्याने त्या गाण्यात मराठीबरोबर अन्य भारतीय भाषांतील कडवीही आहेत. भाषा बदलेल तसा चालीचा प्रादेशिक रंग बदलतो, पण गाण्याचा धागा तुटत नाही. उद्याची चिंता सोडून देण्याचा वरकरणी आनंदी सूर आणि गाणारीच्या वाट्याला आलेले आयुष्य यांतील विसंगती हे या गाण्याचे बळ आहे. मराठी चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्याचा उल्लेख आवर्जून केला जातो.

‘शेजारी’ हा हिंदू-मुस्लिम सलोख्यावरील चित्रपट होता. दोन वृद्ध मित्रांची मैत्री, धरणाच्या कामावरून त्यांच्यात आलेले वितुष्ट आणि अखेरचा शोकान्त शेवट असे त्याचे कथानक आहे. शांताराम आठवले यांच्या गीतांना कृष्णरावांनी दिलेल्या चालींपैकी समूहनृत्याचे गीत विशेष लोकप्रिय झाले. मोठ्या समूहाचा आवाज, ठेक्याची उसळी आणि लोकसंगीताचा बाज यांचा तो मराठी चित्रपटातील एक ठळक नमुना आहे.

प्रभातबाहेर त्यांनी ‘वसंतसेना’ (१९४२) इत्यादी चित्रपटांना संगीत दिले. राजकमल कलामंदिराच्या ‘भक्तीचा मळा’ (१९४४) या केशवराव दाते दिग्दर्शित चित्रपटात त्यांनी संत सावता माळी यांची प्रमुख भूमिका केली. ‘लाखाराणी’ (१९४५) या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांनी पुन्हा प्रभातसाठी काम केले. ‘कीचकवध’ (१९५९) हा त्यांच्या उत्तरकाळातील चित्रपट होय.

नाट्यनिकेतन व नवे संगीत नाटक

१९४०च्या दशकाच्या प्रारंभी संगीत नाटकाला उतरती कळा लागली होती. रात्रभर चालणारे, पदांनी भरलेले नाटक नव्या शहरी प्रेक्षकाला जड वाटू लागले होते. मो. ग. रांगणेकर यांनी नाट्यनिकेतन ही संस्था काढून मध्यमवर्गीय घरातील प्रश्नांवर आधारलेली, थोड्या वेळात संपणारी आणि मोजकी पदे असणारी नाटके लिहिण्यास सुरुवात केली. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा दंडकही या संस्थेने पाळला.

रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकाला कृष्णरावांनी संगीत दिले. भानुमतीची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. स्वतःच्या कर्तृत्वावर उभी राहिलेली आणि संसारात स्वाभिमान सोडण्यास नकार देणारी ही नायिका होती. तिच्या तोंडी जुन्या नाटकातील लांबलचक तानबाजी विजोड वाटली असती. कृष्णरावांनी भावगीताच्या जवळ जाणाऱ्या, तरीही रागाचा आधार न सोडणाऱ्या छोट्या चाली दिल्या. नाटकातील भैरवी विशेष गाजली आणि ती ज्योत्स्नाबाईंच्या नावाशी कायमची जोडली गेली. ‘एक होता म्हातारा’ (१९४८) व ‘कोणे एके काळी’ (१९५०) ही त्यांनी संगीत दिलेली नाट्यनिकेतनची आणखी काही नाटके होत.

बालगंधर्वांसाठी पदे बांधणाऱ्या संगीतकाराने वीस वर्षांनी ‘कुलवधू’चे संगीत करावे, ही बाब उल्लेखनीय आहे. दोन्ही नाट्यप्रकारांच्या अपेक्षा परस्परविरोधी होत्या. पहिल्यात नाटक गाण्यासाठी थांबत असे, दुसऱ्यात गाणे नाटकाला थांबवू शकत नव्हते.

वंदे मातरम् आणि राष्ट्रगीताचा प्रश्न

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘आनंदमठ’ (१८८२) या कादंबरीत आलेले वंदे मातरम् हे गीत वंगभंगाच्या चळवळीपासून देशभर स्वातंत्र्यलढ्याचे घोषगीत बनले होते. काँग्रेसच्या १८९६ सालच्या कलकत्ता अधिवेशनात ते रवींद्रनाथ ठाकूर यांनी गायिले. महाराष्ट्रात विष्णू दिगंबर पलुसकर यांनी ते अधिवेशनांतून व सभांतून लोकप्रिय केले. गायकागणिक या गीताची चाल मात्र वेगळी असे.

कृष्णरावांनी त्यासाठी झिंझोटी राग निवडला. खमाज थाटातील हा राग मंद्र व मध्य सप्तकांत खुलतो. त्यात फार उंच स्वर घ्यावे लागत नाहीत, म्हणून गाण्याची तालीम नसलेल्या स्त्री-पुरुषांनाही तो एकत्र गाता येतो. भक्ती आणि गांभीर्य हे दोन्ही भाव त्यात सामावतात. मैफलीच्या अखेरीस हे गीत गाण्याचा त्यांचा प्रघात होता. ब्रिटिश राजवटीत मुंबई नभोवाणी केंद्रावरील एका कार्यक्रमात त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण बंद करण्यात आले. या घटनेच्या निषेधार्थ त्यांनी नभोवाणीवर गाणे सोडले आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत हा बहिष्कार पाळला. त्या काळात नभोवाणी हे गायकाच्या उत्पन्नाचे व प्रसिद्धीचे महत्त्वाचे साधन होते, हे लक्षात घेतल्यास या निर्णयाची किंमत कळते.

स्वतंत्र भारताचे राष्ट्रगीत कोणते असावे, याविषयी एकमत नव्हते. गीताच्या पुढील कडव्यांतील देवीच्या प्रतिमांना मुस्लिम समाजातील अनेकांचा आक्षेप होता. त्यामुळे काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ साली सभा-समारंभांत पहिली दोनच कडवी गावीत असे ठरवले होते. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्रीच्या ऐतिहासिक बैठकीचा आरंभ सुचेता कृपलानी यांनी गायिलेल्या वंदे मातरम्‌ने झाला. मात्र त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी वाद्यवृंदाने ‘जन गण मन’ची धून वाजवली व ती पसंतीस उतरली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी केलेल्या निवेदनात वंदे मातरम्‌चे ऐतिहासिक महत्त्व मान्य केले होते. तथापि राष्ट्रगीताच्या बाबतीत शब्दांपेक्षा धून महत्त्वाची असून परदेशातील वाद्यवृंदांना वाजवण्यास वंदे मातरम् अवघड आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा आक्षेप संगीताचा होता आणि त्याचे उत्तर संगीतानेच देता येईल, अशी कृष्णरावांची भूमिका होती. त्यांनी समूहगानासाठी आणि वाद्यवृंदासाठी या गीताच्या स्वतंत्र बांधणी तयार केल्या. मुंबईतील बँडमास्तरांच्या साहाय्याने आपली चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली आणि बँडवर ती वाजवून दाखवली. हिंदुस्थानी गायकाची चाल मींड व श्रुती यांवर अवलंबून असते, तर बँडमधील तुताऱ्यांना आणि क्लॅरिओनेटना ठरावीक स्वरांच्या पायऱ्याच वाजवता येतात. तेव्हा या कामी रागाची ओळख कायम ठेवून स्वरवाक्ये सुटसुटीत करणे आणि पावलांच्या तालाला जुळेल अशी लय शोधणे आवश्यक होते. दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर त्यांनी गायन व बँड या दोन्ही स्वरूपांत प्रात्यक्षिके सादर केली. या खटाटोपासाठी त्यांनी स्वतःचा वेळ व पैसा खर्च केला.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक कामगिरीमुळे वंदे मातरम् त्याच्या बरोबरीच्या सन्मानाचे राहील, असे जाहीर केले. निवडीमागे संगीताइतकीच राजकीय व सामाजिक कारणे होती आणि ती एका संगीतकाराच्या आवाक्याबाहेरची होती. कृष्णरावांचा मूळ हेतू साध्य झाला नाही. तरीही हे गीत समूहाने गाता येते आणि वाद्यवृंदावर वाजवता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. त्यांची झिंझोटीतील चाल महाराष्ट्रातील अनेक सभा व संस्थांतून गायिली जात राहिली.

बुद्ध वंदना

१९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार करण्याचे ठरवले, तेव्हा पाली भाषेतील बुद्ध वंदना सामान्य अनुयायांना सहज म्हणता यावी, अशी निकड निर्माण झाली. त्यांच्या विनंतीवरून कृष्णरावांनी या पाठाला स्वरबद्ध केले आणि त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. वेदपठणाच्या परंपरेत वाढलेल्या या गायकाने पाली उच्चारांचा अभ्यास करून साध्या, मोजक्या स्वरांतील रचना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. लाखो लोकांना एकत्र म्हणता येईल अशी चाल, ही वंदे मातरम्‌च्या वेळी पुढे ठेवलेली कसोटी येथेही त्यांच्यासमोर होती.

गायनशैली

कृष्णरावांची मैफल चैतन्यमय असे. विलंबित आलापीत फार काळ न रेंगाळता ते मध्य लयीतील बंदिशीकडे लवकर वळत. बोलबनाव, सरगम, अनपेक्षित ठिकाणाहून घेतलेली उचल आणि समेवर येण्याची नाट्यपूर्ण पद्धत ही त्यांच्या गाण्याची वैशिष्ट्ये होती. एकाच मैफलीत ते ख्याल, ठुमरी, नाट्यपद आणि भजन गात. रंगभूमीच्या सवयीमुळे श्रोत्यांशी त्यांचा संवाद तत्काळ जुळे. काही चोखंदळ रसिकांना हा चमत्कृतीचा सोस वाटे. पण रागाची शुद्धता आणि लयीवरील हुकमत यांविषयी दुमत नव्हते. तिलक-केदार, शिवकल्याण, मंगलतोडी या रागांची रचना त्यांच्या नावावर आहे.

अध्यापन व ग्रंथलेखन

भारत गायन समाजाच्या माध्यमातून त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. गुरुमुखातून आलेल्या बंदिशी विस्मृतीत जाऊ नयेत यासाठी त्यांनी स्वरलिपीसह ‘रागसंग्रह’ हा ग्रंथ सात भागांत सिद्ध केला. बंदिशी घराण्याची मालमत्ता मानून लपवून ठेवण्याच्या काळात त्या छापून विद्यार्थ्यांच्या हाती देणे हे महत्त्वाचे पाऊल होते. ‘बोलका तंबोरा’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

‘गोपालकृष्ण’मधील बालनट राम मराठे हे त्यांचे शिष्य पुढे ख्यालगायक, गायक-नट व संगीतकार म्हणून नावारूपाला आले. भास्करबुवांपासून सुरू झालेली, मैफल आणि रंगभूमी या दोन्ही क्षेत्रांत वावरणारी परंपरा त्यांच्या रूपाने पुढील पिढीत पोहोचली. कृष्णरावांच्या कन्या वीणा चिटको यांनीही गायिका व संगीतकार म्हणून भावगीतांच्या क्षेत्रात कार्य केले.

संगीत दिलेली निवडक नाटके

• मेनका
• सावित्री
• कान्होपात्रा (१९३१)
• अमृतसिद्धी (१९३३)
• कुलवधू (१९४२)
• एक होता म्हातारा (१९४८)
• कोणे एके काळी (१९५०)

संगीत दिलेले निवडक चित्रपट

• धर्मात्मा (१९३५)
• अमरज्योती (१९३६)
• वहाँ (१९३७)
• गोपालकृष्ण (१९३८)
• माणूस / आदमी (१९३९)
• शेजारी / पडोसी (१९४१)
• वसंतसेना (१९४२)
• लाखाराणी (१९४५)
• कीचकवध (१९५९)

मूल्यमापन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी समाजातील संगीताची ठिकाणे वेगाने बदलली. नाट्यगृह, ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, बोलपट आणि सार्वजनिक सभा या प्रत्येक ठिकाणची गरज निराळी होती. या सर्व ठिकाणी काम करूनही रागसंगीताचा पाया न सोडणाऱ्या मोजक्या संगीतकारांत मास्टर कृष्णराव यांची गणना होते. ‘कान्होपात्रा’तील अभंग, ‘माणूस’मधील बहुभाषिक गीत, ‘कुलवधू’ची भैरवी, झिंझोटीतील वंदे मातरम् आणि बुद्ध वंदना या रचना मूळ निमित्त संपल्यावरही गायिल्या जात आहेत. २० ऑक्टोबर १९७४ रोजी वयाच्या शहात्तराव्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले.